एका बाटलीत चार पेग

शुक्रवारी संध्याकाळी सात-साडेसातला तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही बिअर शॉपीसमोर दहा मिनिटं उभं राहावं. एक संवाद हमखास कानावर पडतो. "दादा, स्ट्राँगमध्ये काय काय आहे?" काउंटरमागचा माणूस फ्रीजकडे न बघताच चार-पाच नावं घेतो. त्यावर येणारा प्रश्न चवीचा नसतो. बाटली कधी भरली, हेही कुणी विचारत नाही. "यातली जास्त कडक कुठली?" एवढंच विचारलं जातं. दुकानदार एक बाटली काढतो, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

त्या प्रश्नाचं उत्तर खरं तर बाटलीवरच असायला हवं. पण लेबल डोळ्यांजवळ धरलं तरी बहुतेक बाटल्यांवर एवढंच सापडतं: अल्कोहोलचं प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक, ८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ५.५ असेल, ६.५ असेल, ८ असेल. दुधाच्या पिशवीवर स्निग्धांश दशांशापर्यंत छापला जातो, औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. जो पदार्थ विकत घ्यायला कायद्यानं परवाना लागतो, त्याच्या ताकदीबद्दल मात्र एक ढोबळ पट्टा सांगून मोकळं होता येतं. कडक बिअर निवडणाऱ्या माणसाची पहिली अडचण हीच आहे. तो जे विकत घेतोय ते नेमकं किती आहे, हे त्याला कळत नाही.

केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्याबाबतचे नियम २०१८ साली निघाले आणि एप्रिल २०१९पासून लागू झाले. त्यांत बिअरचे दोन वर्ग केलेले आहेत. ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल ती माइल्ड, त्यापुढं ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. वर्गीकरण सोपं आहे, पण माणूस वर्ग पीत नाही, बाटली पितो. म्हणून हिशेब बाटलीचा करायला हवा.

आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. ती ८ टक्क्यांची असेल, तर तिच्यात ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. आता व्हिस्की किंवा रम घ्या. भारतात त्यांची ताकद साधारण ४२.८ टक्के असते. ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये जेमतेम १३ मिलिलिटर अल्कोहोल येतं. तेरा चोक बावन्न. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली बरोबर चार स्मॉल पेग व्हिस्कीएवढी. दोन लार्ज म्हणा. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सहा स्मॉल पेग असतात, तेव्हा एका बाटलीत क्वार्टरचा दोन तृतीयांश भाग आला. आणि "दोनच बिअर घेतल्या" असं सांगणाऱ्या माणसाच्या पोटात एक अख्खी क्वार्टर आणि वर एक लार्ज गेलेला असतो.

हा हिशेब मांडला की बहुतेकांचा विश्वास बसत नाही. कारण महाराष्ट्रात बिअरला एक वेगळी, निरुपद्रवी जागा मिळालेली आहे. "दारू नाही हो घेत, कधीमधी बिअर फक्त," हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि ते म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटतं. बाटलीवर फेस येतो, घशाला जळजळ नाही, पाणी मिसळावं लागत नाही, उन्हाळ्यात गार लागते. त्यात मुतखड्याची भर. खडा झाला की कुणीतरी हितचिंतक बिअरचा सल्ला देतोच. बिअरनं लघवी वाढते एवढं खरं, पण खडा तिनं विरघळत नाही. लघवी पाण्यानंही वाढते. शिवाय बिअरमधल्या प्युरिनमुळे रक्तातलं युरिक अॅसिड वाढतं आणि काही खडे युरिक अॅसिडचेच असतात. औषध म्हणून घेतलेली बाटली स्ट्राँग असेल, तर त्या रुग्णानं चार पेगांचं औषध घेतलं.

सौम्य बिअरच्या काळात हा समज तितका घातक नव्हता. ५ टक्क्यांची मोठी बाटली म्हणजे अडीच स्मॉल पेग. पण आज भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी सुमारे चार पंचमांश बिअर स्ट्राँग असते. बाटलीतला ऐवज बदलला, बिअरबद्दलचा समज मात्र जुनाच राहिला.

हे कसं घडलं? जर्मनी, ब्रिटन, चीन या बिअरच्या मोठ्या बाजारांत रोजची बिअर ४-५ टक्क्यांच्या आसपास असते. कडक बिअर तिथंही मिळते, पण ती अधूनमधून घ्यायची गोष्ट. आपल्याकडे उलट झालं. हेवर्ड्स ५०००नं कडक बिअरचा मोठा गिऱ्हाईकवर्ग तयार केला. किंगफिशरनं १९९९मध्ये आपली स्ट्राँग आणली आणि पुढं ती मूळ सौम्य किंगफिशरला मागं टाकून गेली. त्यांच्या मागोमाग बाकीच्या आल्या. परदेशी कंपन्यांनीही इथं पाय रोवताना आपली प्रसिद्ध सौम्य बिअर पुढं केली खरी, पण खप धरण्यासाठी त्याच नावाच्या स्ट्राँग बाटल्या काढाव्या लागल्या. टुबोर्ग स्ट्राँग, बडवायझर मॅग्नम, कार्ल्सबर्ग एलिफंट ही त्यातलीच नावं.

नावांकडे जरा थांबून पाहायला हवं. नॉक आउट, गॉडफादर, थंडरबोल्ट, बुलेट. मद्याची उघड जाहिरात करता येत नाही, तेव्हा सगळी जाहिरात नावात आणि लेबलावर उतरते. ५००० हा आकडा कुठल्याही मापाचा नाही. तो टक्के सांगत नाही, ग्रॅम सांगत नाही. तरी बिअर शॉपीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या पोराला तो काहीतरी मोठं मोजून दिल्यासारखा वाटतो. मोठा आकडा ठळक अक्षरांत पुढं छापायचा आणि खरा आकडा बारीक अक्षरांत मागं, तोही पट्ट्याच्या रूपात. हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

गिऱ्हाईक मूर्ख आहे, असं मात्र समजू नये. तो आपल्या परीनं चोख हिशेब करत असतो. राज्यात स्ट्राँगची मोठी बाटली दोनशे रुपयांच्या आसपास पडते आणि त्याच कंपनीच्या माइल्डमध्ये नि तिच्यात फरक थोडाच असतो. दहा-वीस रुपये जास्त टाकले की अल्कोहोल दीडपट मिळतं. हातावर पोट असलेल्या माणसानं दिवसभराच्या कामानंतर ही निवड केली, तर त्यात नवल काय? त्याला 'लागली पाहिजे' असते. कडक चहा, कडक तंबाखू, तसं हे. पैसे मोजले त्याचा परिणाम जाणवला पाहिजे, ही त्याची कसोटी. दुकानातल्या फळीवर सगळ्यात मोठा परिणाम सगळ्यात कमी पैशांत कुठं मिळतो, हे त्याला ठाऊक असतं. फक्त त्या परिणामाचं माप त्याला कुणी दिलेलं नसतं.

१० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरच्या शुल्काचा जो निर्णय घेतला, त्यानं हा हिशेब आणखी पुढं सरकला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत २०५ रुपये ठरली. धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या प्रकाराची किमान किंमत १४८ रुपये. बिअर आणि वाइन या वाढीतून बाहेर राहिल्या. क्वार्टर आणि बिअरची बाटली यांच्या किमती आता एकमेकींच्या अगदी जवळ आल्या आहेत. क्वार्टरमध्ये अजूनही अल्कोहोल जास्त आहे, पण किमतीतली तफावत कमी झाली की गिऱ्हाईक बिअरकडे वळू शकतो. आरोग्याच्या दृष्टीनं हे चांगलंच, असं म्हणता आलं असतं. अट एकच, तो वळून सौम्य बिअरकडे गेला पाहिजे. सध्याच्या दुकानांत तो स्ट्राँगकडेच जाईल.

त्या बाटलीत असतं तरी काय? अनेकांची समजूत असते की कारखान्यात साध्या बिअरमध्ये स्पिरिट ओतलं की स्ट्राँग तयार होते. तसं नाही. बिअरची ताकद साखरेतून येते. मोड आणून भाजलेलं जव, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते. त्या गोड पाण्यात हॉप्स उकळून ते गाळतात, गार करतात आणि यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कर्बवायू सोडतं. सुरुवातीला साखर जितकी जास्त, तितकी शेवटी ताकद जास्त. सगळी साखर माल्टमधूनच आणायची तर बिअर दाट होते आणि महाग पडते. म्हणून आपल्याकडच्या स्ट्राँगमध्ये तांदळाची कणी, मका किंवा साखरेचा पाक वापरतात. त्यानं ताकद वाढते, पण अंग हलकं राहतं. हॉप्सचा कडवटपणा कमी ठेवतात. राहते ती एक गोडसर चव आणि घशात उतरणारी ऊब. ती ऊब झाकण्यासाठी बाटली बर्फासारखी गार लागते. अशी बिअर कोमट झाली की कुणालाच आवडत नाही, म्हणून गार आहे तोवरच ती घटाघटा संपवली जाते, आणि तिच्या ताकदीला हेच सगळ्यात वाईट.

साखर घालणं म्हणजे भेसळ, असा निष्कर्ष मात्र काढू नये. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या कडक बिअर बेल्जियममध्ये बनतात आणि तिथले जुने मठसुद्धा साखर वापरतात. वेस्टमालेच्या मठातली त्रिपल ९.५ टक्क्यांची आहे. शिमेची निळ्या लेबलाची ९, रोशफोरची १० नंबरची तर ११.३. मठाबाहेरची डुव्हेल ८.५. कामानिमित्त ब्रसेल्स किंवा आइंडहोव्हनला राहणाऱ्या मराठी मंडळींनी सुपरमार्केटच्या फळीवर या बाटल्या पाहिल्या असतील. त्या पाहताना ताकदीच्याही आधी आकार डोळ्यांत भरतो. बाटली ३३० मिलिलिटरची. सोबत तिचा स्वतःचा, रुंद तोंडाचा पेला. ती फार गार प्यायची नसते. एक बाटली तासभर पुरवायची, सोबत चीजचा तुकडा घ्यायचा, ही तिथली रीत.

इथं आकड्यांची तुलना करून बघण्यासारखी आहे. डुव्हेल आपल्या कुठल्याही स्ट्राँगपेक्षा टक्क्यांत वरचढ. पण तिच्या एका बाटलीत २८ मिलिलिटर अल्कोहोल असतं, आपल्या मोठ्या बाटलीत ५२. बेल्जियन माणूस जास्त कडक बिअर पितो आणि तरी एका बैठकीत आपल्यापेक्षा कमी अल्कोहोल घेऊन उठू शकतो. आपल्याकडे माइल्डसाठी योग्य असलेल्या मोठ्या बाटलीतच स्ट्राँग भरली गेली. बाटलीचं बूच एकदा उघडलं की परत लागत नाही. उरलेली बिअर तासाभरात मचूळ होते. त्यामुळं उघडलेली बाटली संपवलीच जाते, आणि सहसा एकट्यानं. कडक बिअरचा आपल्याकडचा खरा प्रश्न टक्क्यांपेक्षा जास्त या आकारात आहे.

आणि लेबलाच्या प्रश्नासाठी बेल्जियममधल्याच वेस्टव्हलेटरेनच्या मठाची गोष्ट सांगायला हवी. तिथली १२ नंबरची बिअर १०.२ टक्क्यांची. जगभरातले शौकीन तिच्यासाठी आधी नोंदणी करून मठाच्या दारापर्यंत जातात. या बाटलीला अनेक वर्षं कागदी लेबलच नव्हतं. कायद्यानं द्यायची सगळी माहिती मठातले साधू बाटलीच्या बुचावर छापत. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं ते पत्र्याचं बूच, त्यावर नेमकी टक्केवारी बसत होती. आपल्या बाटलीवर तळहाताएवढं लेबल असतं. तिथं ती बसत नाही, असं कुणी सांगितलं तर ते मान्य होण्यासारखं नाही.

ताकदीच्या मागं धावणारे बेल्जियमबाहेरही आहेत. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगनं २०१०मध्ये ५५ टक्क्यांची बिअर काढून विक्रमाची हाकाटी केली. अशी बिअर गोठवून, तिच्यातला बर्फ काढून टाकत दाट करतात. तो एक प्रयोग होता. रोजच्या गिऱ्हाइकाशी त्याचा संबंध नाही.

संबंध आहे तो ब्रिटननं या विषयात केलेल्या साध्या कामाशी. तिथं १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला एक युनिट म्हणतात. बिअरच्या कॅनवर त्यात किती युनिट आहेत, तो आकडा छापलेला असतो. सरकारी वैद्यकीय सल्ला २०१६पासून आहे: पुरुष असो की स्त्री, आठवड्याला १४ युनिटांपेक्षा जास्त नको. ज्याला पाळायचा असेल त्याला बेरीज करता येते. तोच मापदंड इथं लावला तर आपली एक मोठी स्ट्राँग ५.२ युनिटांची. आठवड्यात तीन बाटल्या झाल्या की १४ युनिटांची रेषा ओलांडली.

ब्रिटनमध्ये एक काळ असा होता की ९ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरचे कॅन बेघर आणि व्यसनी लोकांच्या हातात सर्रास दिसायचे. त्यांवर टीका वाढली. २०१२मध्ये इप्सविच शहरात ६.५ टक्क्यांवरची स्वस्त बिअर दुकानांतून स्वेच्छेनं काढून टाकण्याची मोहीम झाली. पुढं २०१४मध्ये मोठ्या कंपन्यांनी सरकारला शब्द दिला: एका माणसासाठी असलेल्या कॅनमध्ये चार युनिटांपेक्षा जास्त अल्कोहोल भरणार नाही. शब्द देणाऱ्यांत कार्ल्सबर्ग होती, एबी इनबेव्ह होती. कार्ल्सबर्गच्या तिथल्या स्पेशल ब्रूची ताकद त्यानंतर उतरली. या दोन्ही कंपन्या भारतात टुबोर्ग स्ट्राँग, हेवर्ड्स ५००० आणि मॅग्नम विकतात, तेही ६५० मिलिलिटरच्या बाटलीत. तिथला शब्द कॅनपुरता होता, हे खरं. पण चार युनिटांपुढं एका माणसाच्या हातात देऊ नये, हे ज्यांना तिथं पटलं, त्यांना ते इथंही पटायला काय हरकत आहे? इथल्या पिणाऱ्याचं यकृत काही वेगळ्या मातीचं नाही.

कराची गोष्टही तशीच. १ ऑगस्ट २०२३पासून ब्रिटननं मद्यावरचा कर सरळ ताकदीशी जोडला. ३.५ टक्क्यांखालच्या पेयांना कमी दर ठेवला. परिणाम असा झाला की काही उत्पादकांनी आपणहून बिअर ३.४ टक्क्यांवर आणली. हे तत्त्व महाराष्ट्राला परकं नाही. देशी दारूवरचं आपलं शुल्क प्रूफ लिटरवर, म्हणजे तिच्यातल्या अल्कोहोलच्या ताकदीवरच आकारलं जातं. जून २०२५मध्ये ते १८० रुपयांवरून २०५ रुपये प्रतिप्रूफ लिटर झालं. बिअरच्या बाबतीत मात्र कागदोपत्री दोनच कप्पे आहेत, माइल्ड आणि स्ट्राँग. एकदा ५ टक्क्यांची रेषा ओलांडली की साडेपाचची बिअर बनवून उत्पादकाला काही मिळत नाही. आठपर्यंत जाणंच सोयीचं. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्य सरकारनं बिअरवरच्या शुल्काचा विचार करायला एक अभ्यासगट नेमला, तेव्हा चर्चा बिअर स्वस्त करावी की नाही, याभोवतीच फिरली. विचारायला हवं होतं ते वेगळं: कुठली बिअर स्वस्त करायची? ४ टक्क्यांची बिअर खरोखर स्वस्त करा, ८ टक्क्यांची तितक्याच प्रमाणात महाग राहू द्या. लोक खिशाकडे बघून निवडतात, हे वर आलंच. मग तोच खिसा त्यांना सौम्य बाटलीकडे का नेणार नाही?

या उद्योगावर महाराष्ट्राचा हक्कही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहती हे देशातल्या बिअर उत्पादनाचं मोठं केंद्र. तिथल्या टाक्यांत जायकवाडीचं पाणी जातं. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागत होतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावलं होतं. ज्या मराठवाड्यानं तहानलेला असताना हे कारखाने पोसले, त्या मराठवाड्यातल्या गिऱ्हाइकाला बाटलीत काय आहे ते नीट कळावं, ही मागणी फार मोठी नाही.

लेबल बदलेपर्यंत घेणाऱ्यानं काय करावं? कडक बिअर घ्यायचीच असेल, तर ३३० मिलिलिटरचा पाइंट घ्यावा. तो मिलिलिटरमागं बहुधा महाग पडतो, पण ८ टक्क्यांचा पाइंट म्हणजे दोन स्मॉल पेग, आणि तिथं थांबता येतं. मोठी बाटली घ्यायची तर दोघांत. अर्ध्या लिटरचा कॅन उघडताना तो तीन स्मॉल पेगांहून जास्त आहे, हे ध्यानात ठेवावं. जेवणाआधी रिकाम्या पोटी नको. फेसाळ पेयातलं अल्कोहोल रक्तात लवकर चढतं आणि शेंगदाणे-फरसाणाचा चकणा हे काही जेवण नव्हे.

बाटली घेताना तारीख वाचावी. अशी बिअर साधारण सहा महिने चांगली राहते, नंतर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. बेल्जियमच्या काही कडक बिअर वर्षानुवर्षं मुरतात, म्हणून आपल्या स्ट्राँगही मुरतील असं मानू नये. दुकानाबाहेर उन्हात क्रेट ठेवलेले असतील, तर त्यातली बाटली नको. हिरव्या काचेतून ऊन आत जाऊन हॉप्सला उग्र वास येतो, तपकिरी काच त्याहून बरी. पुणे-मुंबईत राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. पुण्यात २००९मध्ये डूलाली सुरू झाली, तेव्हापासून राज्यात छोट्या ब्रूअरींचा पायंडा पडला. तिथं फळ्यावर प्रत्येक बिअरसमोर टक्का लिहिलेला असतो आणि छोटा पेला मागता येतो. कडक बिअर नीट समजून घ्यायची तर ती अशा ठिकाणी, थोडी, सावकाश चाखावी. सहा-साडेसहा टक्क्यांची चांगली बनवलेली बिअर पेलाभर प्यायली की मोठ्या बाटलीची गरजच वाटत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे.

आणि गाडीची किल्ली. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. साधारण ६५ किलोच्या पुरुषानं ८ टक्क्यांची एक मोठी बाटली रिकाम्या पोटी घेतली, तर त्याच्या रक्तातलं प्रमाण या मर्यादेच्या दुपटीच्याही पुढं जातं. खाली यायला तीन-चार तास लागतात. बाईचं शरीर लहान असेल तर आणखी जास्त. "एकच बिअर झालीय, चालवतो की मी," असं म्हणून ढाब्यावरून दुचाकीला किक मारणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? त्याच ढाब्यावर चार पेग घेतलेल्या मित्राला हाच माणूस किल्ली देणार नाही.

दारू पिऊच नये, मग हा निवडीचा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अल्कोहोलला १९८८मध्येच कर्करोगकारक ठरवलं. अल्कोहोलची कुठलीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं संघटनेनं २०२३मध्ये स्पष्ट केलं. वर्ध्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत आहे. चंद्रपुरात ती २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. बंदीवर वाद करणारे दोन्ही बाजूंनी पुष्कळ आहेत. पण जिथं बिअर कायदेशीर विकली जाते आणि सरकार तिच्यावर महसूल घेतं, तिथं विकत घेणाऱ्याला माप न सांगणं कुठल्याच बाजूला बसत नाही. दारूबंदीच्या कार्यकर्त्यालाही तो आकडा हवा असणार. "बिअरनं काय होतंय" म्हणणाऱ्या पोराला समजावताना त्याच्याइतकं सोपं साधन नाही.

यातलं पहिलं पाऊल उचलायला नवा कायदाही लागणार नाही. महाराष्ट्रात मद्य प्यायला परवाना लागतो. वर्षाचा असतो, आजन्म असतो, आणि विदेशी मद्यासाठी पाच रुपयांचा एक दिवसाचाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या एकदिवसीय परवान्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे दुकानांत आणि परमिट रूममध्ये जातात. उत्पादन शुल्क विभागानं त्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी छापाव्यात. माइल्डची मोठी बाटली: अडीच स्मॉल पेग. स्ट्राँगचा पाइंट: दोन. स्ट्राँगचा कॅन: तीनहून जास्त. स्ट्राँगची मोठी बाटली: चार. येत्या ३१ डिसेंबरच्या आधी हे होण्यासारखं आहे.